पश्चिमेची भिंत

आडगोंडा मगदूमांना समोरून सगळी काच हवी होती,
जोत्यापासून कठड्यापर्यंत निळी,
बाणेरला मेहुण्याच्या ऑफिसला आहे तशी.
हळदीच्या धंद्याची तिसरी पिढी,
मार्केट यार्डासमोर पाच मजले,
आणि जाणाऱ्याने वर बघताना डोळ्यांवर हात धरला पाहिजे.

मी काढली काच. पगार त्याचाच मिळतो.
विश्रामबागेतल्या आमच्या ऑफिसात
टेबलफॅन तेवढा मान हलवत होता,
नाही, नाही.

मग नवी नियमावली आली, स्पायरल बायंडिंगची.
तिच्यात एक तक्ता: भिंतीला खिडकी किती,
काचेतून ऊन किती आत,
छपराने किती परत धाडायचं.
अकरा वर्षं आराखडे काढतेय,
उत्तरेचा बाण मी कोपऱ्यात मारायचे शिक्क्यासारखा.
दुपारी चारला तुझ्या भिंतीचं काय होतं,
हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

पश्चिमेची काच पुसत गेले.
चाळीस टक्के उरली, मग अठ्ठावीस.
उरलेल्या खिडक्यांना दीड फुटी भुवया फुटल्या.
जिना उत्तरेकडून उचलला, पश्चिमेला नेला,
जिन्यात कुणी बसत नाही, खाऊ दे ऊन.
संडास, लिफ्ट, पाण्याचे पाइप,
घरातले सगळे नावडते उन्हासमोर उभे केले.
आता इमारत दिसायला लागली
पाठीवर ओला टॉवेल टाकून बसलेल्या माणसासारखी.

मगदूम आले. नकाशा फिरवून फिरवून बघितला.
"ह्ये काय बिल्डिंग हाय का गोडाऊन?"
सरांनी हलक्या हाताने सवलतीचं पान उघडलं.
तीन ताऱ्यांना इतकं जादा बांधकाम,
चार मिळाले तर इतकं.
पूर्वी सौद्यात रुमालाखाली बोटं दाबायचे म्हणे,
तशी त्यांची बोटं टेबलाखाली हलली.
"म्हंजे सावलीला भाव आलाय म्हणा की.
मग आणि दोन छज्जे घाला."

चहा आला, तो निवला, ते उठेनात.
"हरिपुरात आमची पेवं होती," म्हणाले,
"चांगली वीस फूट खोल.
उघडलं की आधी कंदील सोडायचा, मग माणूस.
भर उन्हाळ्यात आत अंगावर काटा यायचा.
हळद वर्षानुवर्षं तशीच.
पुरात बसली सगळी.
त्यास्नी कुणी तारे दिलं न्हाईत."
ते गेल्यावर मी तक्त्यात शोधलं.
मातीपुढे आकडा होता. पेवाला रकाना नव्हता.

एप्रिलमध्ये गच्चीला पांढरा लेप लागला.
दस्तगीर मिस्त्री गॉगल घालून काम करत होते,
मुलाच्या लग्नातला, काड्या सोनेरी.
शेजारच्या गच्चीवर मीटर धरला, एकसष्ट.
आमच्या गच्चीवर चव्वेचाळीस.
सरांनी फोटो काढला, अर्जाला जोडायला.

खाली वॉचमन बसलिंगची शेड, आठ बाय दहा,
चारी बाजूंनी पत्रा.
इतक्या किलोवॅटच्या खाली नियम उतरत नाही.
बसलिंगकडे एक बल्ब, एक मोबाईल
आणि जतहून आणलेला माठ.
त्या दिवशी बघते तर पत्रा पांढरा.
लेपाचा अर्धा डबा उरला होता,
महानंदाने केरसुणीने फासला होता,
खराट्याचे फराटे तसेच वाळलेले.
आत मुलगी झोपली होती.
दुपारचे चार.

मी पत्र्याला हात लावला.
ठेवता आला.

ऑफिसात येऊन अर्ज पुरा केला.
एकूण छत, चौरस फूट: पाच हजार दोनशे.
बाजूला पेन्सिलीने ऐंशी मिळवले.
सर खोडतील. त्यांचा खोडरबर चांगला आहे.
पण कागद तिथे जरा खडबडीत राहील.